शाळा सोडून ई-लर्निंगमध्ये जावं का? अनुभवी लोकांनी लिहावं

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. एम.एस्सी., बी.एड. आमची तुकडी आधी विनाअनुदानित होती, मग २० टक्के अनुदान, आता ४० टक्के. पुढचा टप्पा कधी, ते आझाद मैदानात जाऊन बसणाऱ्यांनाही सांगता येत नाही. शिकवायला आवडतं, नववीला तर फारच. पण यू-डायसची (शाळेच्या माहितीची) ऑनलाइन नोंद, पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयाद्या आणि दर चार दिवसांनी येणारी कुठली तरी 'तातडीची' लिंक यांतून उरलेल्या वेळात शिकवायचं, असं झालंय.

लॉकडाऊनमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत दीक्षा या सरकारी ॲपवरच्या लिंका आम्ही रोज ग्रुपवर टाकायचो. बरीच मुलं त्या उघडायचीच नाहीत. मग मी फोनवर छोटे व्हिडिओ करायला लागले, त्याखाली गूगल फॉर्मवर प्रश्न, पुढे जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर शिकले. कोण कुठे अडकलंय ते फॉर्मच्या उत्तरांत दिसायला लागलं आणि मला त्याचंच वेड लागलं. नणंद पुण्यात आयटीत आहे. ती म्हणते, वहिनी, हेच काम करायचे लोक पैसे घेतात, इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात त्यांना.

खरंच असं असतं का? चाळिशीजवळ आलेल्या, कोडिंग न येणाऱ्या बाईला तिथे कुणी उभं करतं का? आणि जे गेलेत त्यांना शिकवणं सुटल्यासारखं वाटतं का?

पाटीपेन्सिल

मी अशीच बाहेर पडलेली. आधी पुण्यात शाळेत गणित, आता ई-लर्निंग कंपनीत आयडी. (इथे आयडी म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझायनर. डू-आयडी, म्हणजे एकाच माणसाचं दुसरं खातं नव्हे, ॲडमिननी दचकू नये.)

पहिला गैरसमज आधी काढून टाकते. आपण मुलांसाठी सुंदर धडे करणार, असं तुमच्या डोळ्यांसमोर असेल. पुण्या-मुंबईतल्या सेवा देणाऱ्या कंपन्यांचं बरंचसं काम मोठ्या माणसांसाठी असतं. बँकेत नव्याने लागलेल्यांना केवायसी, औषध कारखान्यातल्या लोकांना एसओपी (ठरलेली कार्यपद्धती), गोदामात फोर्कलिफ्ट कशी चालवायची, २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचं प्रशिक्षण. ग्राहक बहुधा अमेरिकेतला नाही तर युरोपातला. विषयतज्ज्ञ (सगळे त्याला एसएमई म्हणतात) भलीमोठी पीपीटी पाठवतो आणि वर लिहितो, यातलं काहीही गाळू नका. काय गाळायचं ते ठरवण्यापासून तुमचं काम सुरू होतं.

आता तुमच्याकडे काय आहे ते. फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं की वर्गातलं कोण २/५ लिहिणार ते आपल्याला आधीच माहीत असतं. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ मोठे की ४, असं ठासून सांगणारं कुणीतरी दरवर्षी भेटतंच. या धंद्यात बहुपर्यायी प्रश्नातले *चुकीचे* पर्याय लिहिणं हे सगळ्यांत अवघड लेखन आहे. ज्याने कधी वर्ग घेतलेला नाही तो ते हवेतून काढतो, त्यामुळे बरोबर उत्तर न वाचताही ओळखू येतं. आपण ते तपासलेल्या वह्यांमधून काढतो. नव्या माणसाची फाइल तपासताना तो आधी शिक्षक होता की नाही, हे मला चुकीच्या पर्यायांवरून कळतं.

जड जातं ते वेगळंच. वर्गात आपण निम्मं शिकवणं समोरच्या चेहऱ्याकडे बघून करतो. मागच्या बाकावर आठी दिसली की उदाहरण बदलतो, मध्येच एक विनोद टाकतो. इथे समोर कुणीच नाही. तो माणूस रात्री अकरा वाजता मोबाइलवर 'नेक्स्ट' दाबायच्या घाईत असतो. त्याच्या कपाळावर आठी कुठे पडेल ते कित्येक महिने आधी ओळखून स्टोरीबोर्डात (कोर्सच्या लेखी आराखड्यात) लिहून ठेवावं लागतं. उत्तम शिक्षकही इथे चाचपडतात, कारण त्यांचं कसब ऐनवेळी सावरण्यात असतं आणि इथे ऐनवेळ नावाचा प्रकारच नाही. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर स्टोरीलाइन काय, कॅप्टिव्हेट काय, दोन-तीन महिन्यांत कुणीही शिकतं. कोडिंगची भीती काढून टाका.

झेडपी_गुरुजी

मॅडम, राग मानू नका, पण सोडू नका.

४० टक्के आहे म्हणजे यादीत नाव आहे. उद्या १०० टक्के झालं की सातव्या आयोगाप्रमाणे माध्यमिकच्या बी.एड. शिक्षकाचं मूळ वेतनच ३८,६०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून नव्याने उमेदवारी करायला किती मिळणार?

आणि तंत्रज्ञान करायला शाळा सोडावी लागते असं कोण म्हणतं? शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली ती झेडपीचीच. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले तेही झेडपीच्या शाळेतच, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. आज बालभारतीच्या पुस्तकावर कोड छापलेला दिसतो तो आपोआप उगवलेला नाही. डाएटमध्ये (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत), एससीईआरटीत (राज्याच्या) ई-साहित्याची कामं निघतात. तिथे हात घाला.

घड्याळी_तासिका

गुरुजी, तुमच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी आहे म्हणून हा सल्ला जमतो. मी सीनियर कॉलेजला सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे. सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेली. तास घेतला तर पैसे, उन्हाळ्यात शून्य, तेही बिल वेळेत निघालं तर. आमच्यासारख्यांना 'सोडू नका' म्हणजे नेमकं काय धरून ठेवू?

धाग्याबद्दल आभार मधली_सुट्टी. वाचतेय.

आगाऊ_कार्टं

'अकॅडमिक काउन्सेलर', 'लर्निंग कन्सल्टंट' असली जाहिरात दिसली की पळा. मी एका कंपनीत असाच फसलो होतो. शिकवायचं म्हणून घेतलं आणि हेडफोन देऊन पालकांना फोन करायला बसवलं. आठवड्याचं टार्गेट. एडटेक म्हणजे विक्री हो नुसती. बायजूजचं बघा, २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनियर ३० कोटी डॉलरला घेतली आणि २०२४ मध्ये स्वतःच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत.

पाटीपेन्सिल

@आगाऊ_कार्टं, पळा याला +१. पण दोन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत घालू नकोस. पालकांना ॲप विकणाऱ्या कंपन्या हा एक धंदा. दुसऱ्या कंपन्यांसाठी प्रशिक्षण तयार करून देणं हा दुसरा, आणि तो बराच जुना आहे. मुंबईतली टाटा इंटरॅक्टिव्ह १९९० ची, स्मार्टफोन कुणी पाहिलाही नव्हता तेव्हाची. २०१८ मध्ये ती एमपीएस या कंपनीने घेतली. तिथून निघालेली माणसं आज कुठे कुठे भेटतात. या दुसऱ्या धंद्यात झगमगाट नाही, गुंतवणूकदारांच्या बातम्या नाहीत, म्हणून लोकांना तो माहीतच नसतो.

@झेडपी_गुरुजी, पगाराचं तुमचं बरोबर आहे. पूर्ण अनुदानावरच्या कायम शिक्षकापेक्षा नव्या आयडीला सुरुवातीला बहुधा कमीच मिळतं. पुढे वाढतं, पण पेन्शन-बिन्शन विसरा. ४० टक्क्यांवाल्यांचं गणित मात्र वेगळं बसतं.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार, इतक्या लवकर इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

गुरुजी, राग कसला. घरातही हेच ऐकतेय. पण खरं सांगू का, पगारापेक्षा मला भीती इंग्रजीची वाटते. सगळं शिक्षण मराठीतून. सेमी-इंग्रजीच्या वर्गाला शिकवते, तेवढं येतं. अमेरिकेतल्या ग्राहकासाठी लिहायचं म्हणजे पोटात गोळा येतो. मराठीत हे काम मिळतच नाही का?

पाटीपेन्सिल

गोड बोलून उपयोग नाही म्हणून सरळ सांगते, इंग्रजी *लेखन* लागतं. फाडफाड बोलणं फार नाही लागत. अर्ज केलात की कंपनी चाचणी देते: पानभर रुक्ष मजकूर, समजा गोदामात रसायन सांडलं तर काय करायचं त्याची कार्यपद्धती, आणि दोन-तीन तासांत त्याचा स्टोरीबोर्ड. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, मध्ये आवाजात काय ऐकू येईल, उजवीकडे ॲनिमेटरला सूचना. भाषा छोटी, सरळ, माणसाशी बोलल्यासारखी हवी असते. गंमत म्हणजे इंग्रजी साहित्याचे एम.ए. इथे आपटतात, लांबलचक वाक्यांमुळे. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद घ्यायचा, निम्म्या शब्दांत लिहायचा, असा रोज सराव करा. मी तेच केलं.

मराठीतलं काम आहे, पण ते वेगळ्या दारांनी मिळतं. एमएस-सीआयटीवाल्या एमकेसीएलकडे, 'प्रथम'सारख्या संस्थांकडे, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रकल्पांवर. पैसे कमी, काम मनाजोगतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात तर बाहेरच्या लोकांकडून मराठी संहिता आणि आवाजही करून घेतात. साधारण दहा मिनिटांचा धडा. तिथली एक पद्धत मला फार आवडते: संहिता तयार झाली की ती विषय अजिबात न येणाऱ्या माणसाला देतात, त्याला ती वाचून काम जमलं तरच पुढे जायचं. नोकरी नाही मिळणार त्यातून, हात मात्र बसेल.

शिकायचंच असेल तर जुहूच्या एसएनडीटीत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या मुली या क्षेत्रात बऱ्याच भेटतात. सांगलीत बसून करायचं तर आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवून ई-लर्निंग कसं रचायचं यावर कोर्स केलेत, ते बघा. लाखभर रुपये घेऊन 'आयडी सर्टिफिकेट' देणाऱ्यांच्या नादी लागू नका. चाचणीत प्रमाणपत्र कुणी बघत नाही.

स्कॉर्मवाला

थोडं बाजूचं. सगळे आयडीबद्दलच बोलताहेत म्हणून.

कोर्स तयार झाला की तो कुठेतरी चढवावा लागतो, लोकांना नेमून द्यावा लागतो, कुणी पूर्ण केला त्याची नोंद ठेवावी लागते. ते एलएमएसचं (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिमचं) काम, आणि त्यातही शिक्षक चांगले जमतात, कारण हजेरीपटाची सवय. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, आता हेच करतो. मूडल हे असंच एक एलएमएस, फुकट आहे, स्वतःच्या लॅपटॉपवर चढवून खेळा. वर्ग तयार करा, दहा खोटे विद्यार्थी घाला, परीक्षा लावा, गुणपत्रक काढा. मुलाखतीत याबद्दल बोलता आलं तर समोरचा खुर्चीत पुढे सरकतो.

कामाची चव कळावी म्हणून एक किस्सा. एका विमा कंपनीचा लांबलचक कोर्स. तक्रार अशी की लोक चाळिसाव्या स्क्रीनच्या आसपास बंद करून घरी जातात, दुसऱ्या दिवशी उघडतात तर परत पहिल्या स्क्रीनवर. आयडी म्हणे एलएमएस खराब, एलएमएसवाले म्हणे कोर्स खराब, आठवडाभर ईमेलमारी. शेवटी कारण निघालं ते असं. कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी स्कॉर्म नावाच्या ठरलेल्या रीतीने बोलतात. स्कॉर्म १.२ मध्ये 'माणूस कुठवर आलाय' हे लक्षात ठेवायला जागा फक्त ४०९६ अक्षरांची. आमच्या कोर्समध्ये प्रत्येक स्क्रीनवर काही ना काही टिचकी मारायचं होतं, ते सगळं त्यात साठत गेलं, जागा भरली, एलएमएसने शेपूट कापलं आणि अर्धवट नोंद वाचता न आल्याने कोर्स आपला पहिल्यापासून सुरू. तोच कोर्स स्कॉर्म २००४ मध्ये काढला, तिथे तिसऱ्या आवृत्तीपासून ६४,००० अक्षरं मिळतात, आणि प्रश्न मिटला. कोडची एक ओळ लिहावी लागली नाही. धीराने एकेक शक्यता खोडत जावं लागलं, बस.

लीड्सची_पाहुणी

मी ठाण्याला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आले. इथल्या सरकारी शाळेत शिकवायचं तर क्यूटीएस (तिथला शिक्षकपात्रतेचा दर्जा) मिळवा वगैरे सोपस्कार, म्हणून आधी एका विद्यापीठात हेल्पडेस्कवर लागले आणि तिथून लर्निंग टेक्नॉलॉजिस्ट झाले.

इथे हा माणूस विद्यापीठाचा नोकर असतो. कोर्स प्राध्यापकच करतात, मी त्यांना मूडलवर ते नीट मांडायला, ऑनलाइन परीक्षा लावायला, लेक्चर रेकॉर्ड करायला मदत करते. खरं काम माणसं सांभाळायचं. तीस वर्षं शिकवणाऱ्या प्राध्यापकाला 'सर, तुमची पीडीएफ कुणाला वाचता येत नाहीये' हे असं सांगायचं की तो उद्या परत माझ्याकडे येईल. स्टाफरूममध्ये काढलेली वर्षं इथे कामी येतात, पदव्या नाही.

२०१८ पासून इथे नियम आहे की सार्वजनिक संस्थांच्या वेबसाइट दिव्यांगांना वापरता आल्याच पाहिजेत. त्यामुळे व्हिडिओला सबटायटल्स, चित्राला वर्णन, पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळेल अशी रचना, यात माझा निम्मा आठवडा जातो. भारतातही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. हे आत्तापासून शिकून ठेवा. हे येणारी माणसं सगळीकडे कमी आहेत.

एएलटी म्हणून इथे या लोकांची संघटना आहे, १९९३ पासूनची. त्यांची सी-माल्ट ही मान्यता परीक्षा देऊन मिळत नाही. तुम्ही केलेलं काम, त्याचे पुरावे, ते का तसं केलं आणि त्यातून काय उमगलं, असं लिहून द्यावं लागतं. अर्ज नाही केलात तरी तसं टिपण काढायला लागा. शिक्षक ढीगभर काम करतात आणि नोंद कशाचीच ठेवत नाहीत.

झेडपी_गुरुजी

वाचून माझंही मन थोडं हललं हे मान्य. तरी सोडू नका असंच म्हणेन :)

सोडायचंच ठरलं तर कागद नीट करा. खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे, त्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने, दुसरी स्वतःकडे. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवण्याचे उद्योग होऊ नयेत म्हणून ही तरतूद. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची. आणि आधी बिनपगारी रजा मागून बघा. नोकरीत असताना बाहेरचं मानधनाचं काम परवानगीशिवाय घेऊ नका, कुणीतरी तक्रार करतंच.

घड्याळी_तासिका

पाटीपेन्सिल, विपु (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) केली आहे. सवडीने बघा.

मधली_सुट्टी

दहावीचा पोर्शन संपेपर्यंत काहीही सोडणार नाही, एवढं ठरलं. तोवर हात बसवायचा. रविवारी बसून एक नमुना केलाय, मराठीतच. पडद्याचं चित्रही जोडलंय. निर्दयपणे फोडा.

*विषय:* एकसर जोडणी. *इयत्ता:* नववी-दहावी.
*पडद्यावर:* एक सेल, एकसरीत जोडलेले दोन सारखे बल्ब. खाली मजकूर: 'एकसर जोडणीत सर्व घटकांमधून समान विद्युतधारा वाहते. म्हणून दोन सारखे बल्ब सारखेच प्रकाशतात.'
*आवाज:* वरचाच मजकूर.
*प्रश्न:* कोणता बल्ब जास्त प्रकाशेल? अ) पहिला. आ) दुसऱ्या क्रमांकाचा. इ) दोन्ही सारखेच.
*उत्तर चुकल्यास:* चूक! पुन्हा प्रयत्न करा.
*बरोबर आल्यास:* शाब्बास!

स्कॉर्मवाला

चित्र पाहिलं. आधी बारीकसं. पडद्यावर 'दुसऱ्या' मधला ऱ्या 'र्या' असा रफार होऊन आलाय. साधा र वापरलात, नुक्त्याचा ऱ घ्या. आणि ल, श हिंदी वळणाचे दिसताहेत. फॉन्टमध्ये मराठी वळण असेल तर भाषा 'मराठी' अशी लावल्यावर ते येतं. पुस्तक वाचून आलेल्या मुलाला हे लगेच खटकतं.

पाटीपेन्सिल

निर्दयपणे म्हणालात म्हणून.

एक तर उत्तर आधी सांगून मग प्रश्न विचारलाय. हे सगळे शिक्षक करतात, फळ्याची सवय. प्रश्न आधी, मजकूर नंतर, जमलं तर मजकूर नाहीच. आवाज आणि अक्षरं तीच ठेवू नका. डोळे एका वेगाने वाचतात, कान दुसऱ्या वेगाने ऐकतात, दोन्ही एकमेकांच्या पायांत येतात. रिचर्ड मेयरने यावर आयुष्यभर प्रयोग केलेत. आकृतीवर आवाज पुरतो.

पण माझं खरं भांडण 'चूक! पुन्हा प्रयत्न करा' याच्याशी आहे. 'पहिला' म्हणणारा मुलगा *का* म्हणतो पहिला? तुम्ही त्याला वर्गात हेच म्हणता का, चूक, परत सांग?

मधली_सुट्टी

नाही हो, वर्गात कुठे असं म्हणते! वर्गात विचारते, का रे बाबा. तो म्हणतो, मॅडम, वीज आधी पहिल्या बल्बला मिळते, तिथे थोडी संपते, उरलेली दुसऱ्याला. दरवर्षी हेच. 'दुसरा' म्हणणारी एखादीच असते आणि ती हुशार असते, तिला इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून निघतात हे माहीत असतं, म्हणून तिचा पहिला बल्ब म्हणजे आमचा दुसरा.

आणि खरी गंमत प्रयोगात होते. बाजारातून आणलेले सारख्या छापाचे टॉर्चचे बल्बही तंतोतंत सारखे नसतात. एक थोडा जास्त लागतो. तो नेमका पहिल्या जागी आला की सगळा वर्ग ओरडतो, बघा मॅडम! मग मी काही बोलत नाही, बल्बांची अदलाबदल करते. आता दुसऱ्या जागेवरचा जास्त लागतो. मग सेल उलटा करते, काहीच बदलत नाही. वर्ग गप्प होतो आणि कुणीतरी म्हणतं, म्हणजे जागेचा संबंधच नाही.

पाटीपेन्सिल

अहो, मग हे लिहा की स्टोरीबोर्डात! पडद्यावरचे बल्ब मुद्दाम थोडे असमान ठेवा. दोन बटणं द्या, 'बल्ब बदला' आणि 'सेल उलटा'. 'पहिला' निवडणाऱ्याला चूक म्हणू नका, 'बल्ब बदला' हे बटण उघडून द्या. 'दुसरा' म्हणणारीला सेल उलटा करू द्या. मी पुण्यात बसून हे कधीच लिहू शकले नसते. मी सारखेच बल्ब काढले असते, पडद्यावर ते सारखेच लागले असते आणि मुलाने मनात म्हटलं असतं, कॉम्प्युटर काय, दाखवेल ते दाखवेल.

आधी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट बघा, त्यात परिपथ जोडायचं फुकट सिम्युलेशन आहे, बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. त्यात हवा तसा परिपथ जोडून बघा आणि मग तुमचं त्यापेक्षा वेगळं काय ते ठरवा.

आगाऊ_कार्टं

चिमटा काढतो म्हणून नव्हे, पण हे सगळं एआय दोन मिनिटांत लिहून देईल ना? मग नोकऱ्या कुठे राहणार?

पाटीपेन्सिल

प्रश्न रास्त आहे. पहिला खर्डा आता फुकटात मिळतो, आणि नव्या पोरांना उमेदवारीसाठी जी कामं मिळायची तीच आधी आटताहेत. आवाज देणाऱ्या कलाकारांचंही तसंच. आमच्याकडे खर्डा यंत्राकडून घेतात आणि माझ्या टेबलावर येतो तो तपासायला. म्हणून म्हणते, 'मला स्टोरीलाइन येतं' एवढ्यावर आत शिरू नका. कुठला बल्ब का बदलायचा ते माहीत असणाऱ्यांनी यावं. त्यांच्यासाठीही वाट सोपी आहे असं म्हणणार नाही.

लीड्सची_पाहुणी

नमुना आवडला. एक शंका. दृष्टिहीन विद्यार्थ्याला 'कोणता जास्त प्रकाशेल' हे कसं कळणार? चित्राच्या वर्णनात 'डावा बल्ब अधिक तेजस्वी' लिहिलंत तर उत्तरच फुटलं.

मधली_सुट्टी

हा विचारच केला नव्हता. काल रात्री यावर बसले. अमीटर लावते: पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये, आणि शेवटी. पहिल्याचं वाचन ०.२ अँपिअर दाखवायचं, बाकी दोन झाकून ठेवायची, आणि विचारायचं, दुसऱ्यावर किती येईल? आकडा आहे, तो वाचूनही दाखवता येतो. वीज संपते असं मानणारी मुलं ०.१ लिहितील, चूक पकडायला ते बल्बांपेक्षा सोपं. ०.२ हे तिन्ही ठिकाणी ऐकल्यावर मगच बल्ब आणि अदलाबदल.

लीड्सची_पाहुणी

चालेल. झाकलेल्या अमीटरला 'वाचन अजून दाखवलेलं नाही' असं वर्णन द्या, रिकामं सोडू नका, नाही तर सॉफ्टवेअर फाइलचं नाव वाचून दाखवतं. आणि 'बल्ब बदला' हे कीबोर्डवरूनही दाबता आलं पाहिजे, ओढून टाकायचं ठेवू नका.

घड्याळी_तासिका

मी मानसशास्त्रवाली, विज्ञान दहावीनंतर सुटलं. प्रामाणिकपणे ०.१ म्हणाले असते. पुढचा खर्डा आधी माझ्यावर तपासून बघा.

मधली_सुट्टी

@घड्याळी_तासिका, चला, परीक्षक मिळाली. शनिवारपर्यंत पाठवते. ऱ्या दुरुस्त करून.